बाशी अनया यांस

सांता क्लारा, २ मार्च

अहो,

फोनवर अनयाचं नाव निघालं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून हे पत्र. मी इथून मेल करणार आणि तुमची पुतणी नैना प्रिंट काढून तुमच्या चहाच्या कपाशेजारी ठेवणार. तिच्यावर डाफरू नका, ती बिचारी फक्त पोस्टमन आहे. फाडलंत तर ती दुसरी प्रत काढेल, तसं आमचं ठरलंय.

मी नीट पोहोचले. निघताना मिशिगनला, आपल्या नोव्हायच्या घरातले पाइप गोठू नयेत म्हणून हीटर चालू ठेवलाय, तेवढी तुमची काळजी मिटली. पुण्यात भावाकडे बसून तुम्ही दुसरी कसली काळजी करत असाल असं मला वाटत नाही.

अनया बरी आहे. आठवा लागलाय. पायांवर जरा सूज आहे, ती असतेच. मला दारात बघून म्हणाली, ‘‘आई, तू खरंच आलीस? आय थॉट लास्ट मिनिटला कॅन्सल करशील.’’ आणि मग रडली. तुमच्याबद्दल तिनं विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

अपार्टमेंट दोन बेडरूमचं आहे. एकीत ती दोघं, दुसरीत मी आणि मुतालेची आई. हो, मुताले. मी नाव लिहिणार. तुम्ही त्याला ‘तो माणूस’ म्हणता, पण कोर्टात का होईना लग्न झालंय आणि तो आपला जावई आहे. विहीणबाई झांबियातल्या किट्वे शहरातून बाळंतपणासाठी आल्यात. निवृत्त मुख्याध्यापिका. पाठ अशी ताठ आणि नजर अशी की आपली नखं कापलेली आहेत ना, हे मी दोनदा पाहिलं. इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ, पण माझ्याशी बोलत नाहीत. पहिल्या सकाळी मी गुड मॉर्निंग म्हटलं, तर मान हलवली आणि म्हणाल्या, ‘‘म्वाशिबुकेनी मुक्वाय,’’ म्हणजे सकाळचा नमस्कार, आणि थांबल्या. मी ते म्हणेपर्यंत चहाला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही.

त्यांची भाषा बेंबा. अनया म्हणते, ‘‘आई, रोजची साधी वाक्यं शीक ना, इट्स नॉट रॉकेट सायन्स.’’ सत्तरीच्या उंबरठ्यावर मी पहिलीत बसलेय. ‘मुली शानी?’ म्हणजे तुम्ही कशा आहात? मला आधी वाटलं आपल्या मुलीचीच चौकशी करतायत. उत्तर ‘ब्वीनो’, म्हणजे ठीक. ‘नातोतेला’ म्हणजे आभारी आहे. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘मुक्वाय’. ते राहिलं की वाक्य उघडं पडतं, आपल्या ‘अहो’सारखं.

जावयाचं मात्र काही कळत नाही. मी स्वयंपाकघरात गेले की तो बाल्कनीत. मी बाल्कनीत गेले की तो खाली गाडीत. माझ्याकडे बघत नाही, माझ्यासमोर जेवत नाही. काल पुरणपोळी घेऊन मी त्याच्या मागे पार्किंगपर्यंत गेले, तर माणूस चक्क पळाला. खरं सांगते, मलाही तुमच्यासारखंच वाटलं: मस्ती आहे.

सुनेत्रा


९ मार्च

अहो,

‘तिथलं मला काही कळवू नये’ हा तुमचा निरोप नैनानं पोहोचवला. म्हणजे वाचलंत. बरं झालं.

मागच्या पत्रात अनया बरी आहे असं लिहिलं, ते अर्धंच लिहिलं. ब्लड प्रेशर चढतंय. लघवीत प्रोटीन जातंय. जन्मभर पॅथॉलॉजीत रिपोर्ट सही केले, आता पोटच्या पोरीचा रिपोर्ट स्क्रीनवर उघडला तर आकडे वाचता येईनात. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. ती झोपल्या झोपल्या ऑफिसचे कॉल घेते आणि मी ओरडले की म्हणते, ‘‘आई, रिलॅक्स. तू टेन्शन घेतलंस की माझं बीपी वाढतं यार.’’ कारण मीच, म्हणजे झालं.

मला भीती वाटते. इतकंच लिहून पुढे जाते.

विहीणबाईंची परीक्षा मी पास झाले. त्यांच्याकडे थोरांना नमस्कार करताना बाई गुडघे वाकवते आणि ओंजळीसारखे पोकळ तळहात करून हलकेच टाळी वाजवते. माझा नवा बसवलेला गुडघा तुम्हाला माहीतच आहे. तरी वाकले, टाळी वाजवली, ‘म्वाशिबुकेनी मुक्वाय, मुली शानी?’ एका दमात म्हटलं. वर येताना फ्रिजचं हँडल धरावं लागलं. बाई हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला खुर्ची दिली, ‘‘इकालेनी,’’ म्हणजे बसा, आणि मग इंग्रजी सुरू. म्हणाल्या, ‘‘आता बोलू. जी बाई मला सकाळी माणसासारखं विचारत नाही, तिच्याशी मी मुलांच्या लग्नाचं बोलणार नव्हते.’’

मी विचारलं, तुमचा मुलगा माझ्यासमोर जेवत का नाही? त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘‘जेवला असता तर मी त्याचे कान उपटले असते.’’

तर ऐका. त्यांच्याकडे जावयानं सासूकडे वर बघायचं नाही, तिच्यासमोर खायचं नाही, सासू असेल त्या खोलीत शिरायचं नाही. मुलीकडच्या घरानं त्याला रीतसर आत घेईपर्यंत. त्याला वाढतात, जेवू घालतात, आणि थोरांनी ‘आत या’ म्हटलं की त्या दिवसापासून तो घरचा. तोवर जितका लांब राहील तितका त्यानं मान राखला. म्हणजे मी ताट घेऊन त्याच्या मागे धावत होते आणि तो माझा मान राखायला पळत होता. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

आणि मग लग्नाआधीची ती संध्याकाळ आठवली, मी न्यू जर्सीत पार्सिपनीला माझ्या मैत्रिणीकडे, शोभनाकडे होते. तुम्ही मला एवढंच सांगितलं होतं की कुणीतरी परका माणूस ताटात पैसे घालून आपल्या दारात आला, आणि ‘तो’ गाडीत लपून बसला होता, आत यायची हिंमत नव्हती.

मी विहीणबाईंना त्याबद्दल विचारलं. त्यांनी भांडी घासायला घेतली आणि पुन्हा बेंबात बोलायला लागल्या.

सुनेत्रा


१४ मार्च

अहो,

आज विहीणबाई शेवटी बोलल्या, ते जसंच्या तसं लिहिते.

दारात आलेला परका माणूस मुतालेचा मामा होता. डेट्रॉइटला नर्सिंग होममध्ये काम करतो. कोट घालून आला होता. त्यांच्याकडे मुलगा स्वतः मागणी घालत नाही. घरातला थोर माणूस जातो, एका ताटावर दुसरं ताट पालथं घालून, वर फडकं टाकून नेतो. आत थोडे पैसे असतात, नुसती खूण म्हणून. मुलीच्या वडिलांनी ताट ठेवून घेतलं की बोलणी सुरू होतात. मुलगा बाहेर थांबतो, कारण आत यायचा त्याला अजून हक्क नसतो.

तुम्हाला वाटलं ते तुमच्या मुलीची किंमत लावायला आले. ते मी समजू शकते. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं असतं, आपण हुंड्याच्या देशातून आलोय. पण तुम्ही नुसतं ताट परत केलं नाहीत. ‘पाच मिनिटांत गेला नाहीस तर पोलीस बोलावतो,’ असं म्हणालात. हातात फोन धरून म्हणालात. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. मला हे विहीणबाईंनी पाठ करून आल्यासारखं सांगितलं, तुमच्या इंग्रजीतल्या चुकांसकट.

आपल्या गल्लीत, काळोख पडल्यावर, काळ्या माणसासाठी पोलिसांची गाडी येणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मला सांगू नका. चाळीस वर्षं याच देशात राहिलोय. मामा ताट छातीशी धरून उलटा चालत गाडीपर्यंत गेला, दोन्ही हात दिसतील असे ठेवून. गाडीत मुताले होता, त्यानं सगळं ऐकलं. आणि अनयाला त्यानं तब्बल तीन महिने काही सांगितलं नाही, तुमच्याबद्दल तिचं मन कडू होऊ नये म्हणून. तिला कळलं त्या दिवसापासून ती तुमच्याशी बोलत नाही. आणि आपण घरात बसून म्हणत होतो की त्यानं मुलगी तोडली.

नैना सांगते, तुम्ही म्हणालात, ‘आपल्याला त्यांच्या रीती कशा माहीत असणार?’ बरोबर. पण लग्नात माझ्या भावानं तुमचा कान पिळला तेव्हा तुम्ही पोलीस नव्हते बोलावलेत. उलट कानपिळीचा शर्ट स्वतः निवडून आणला होतात. माझ्या वडिलांनी तुमचे पाय धुतले, तेव्हा पाय पुढे करून बसलात, आणि वर आंघोळीचं पाणी कोमट होतं म्हणून रुसलात. त्यांच्या मुलानं आपल्याकडे काय मागितलं? बाहेर उभं राहायला जागा.

ते ताट इथे कपाटावर आहे. फडक्यासकट. विहीणबाई म्हणतात, ज्यानं परत पाठवलं त्यानंच बोलवायला हवं. त्यांच्याकडे बाईला आणि पुरुषाला थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. मला त्या बाना अनया म्हणतात, अनयाची आई. तुम्ही बाशी अनया. तुम्ही वर्षभर ज्या मुलीचं नाव तोंडातून काढलं नाहीत, तिच्या नावावाचून तिकडे तुम्हाला दुसरं नाव नाही. रोज सकाळी त्या माझ्याकडे तुमची चौकशी करतात, ‘‘बाशी अनया?’’ आणि मी म्हणते, ब्वीनो. ठीक आहेत.

मी काही मोठं मागत नाहीये. व्हिडिओवर या. एकच वाक्य म्हणा: ‘इंगिलेनी मुक्वाय.’ इं-गि-ले-नी. आत या. पहिल्या धड्यातलं आहे, मला जमलं तर तुम्हाला जमेल. अनयाचं बीपी आज पुन्हा वर गेलंय. तिच्या खोलीत मी असले की तिचा नवरा बाहेर उभा, आणि तो आत असला की मी बाहेर. एक पोर दोन वाट्यांत वाटल्यासारखी झालीय. हे असं बाळंतपणात चालणार नाही. लवकर कळवा.

सुनेत्रा


१७ मार्च, हॉस्पिटल

अहो,

तुमचा फोन आला नाही. नैना म्हणाली, वाचून झाल्यावर कागदाची घडी केलीत आणि फिरायला गेलात.

आज दुपारी अनयाच्या डोळ्यांपुढे चांदण्या चमकायला लागल्या. डोकं दुखतंय म्हणाली, आणि मला कळलं, आता बीपीनं झटका येऊ शकतो. ॲम्ब्युलन्सनं आणलं. इथे आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, आता थांबता येणार नाही, लगेच सिझेरियन.

थिएटरमध्ये घरचं एकच माणूस. नर्सनं निळा गाऊन आणि टोपी पुढे केली, विचारलं, कोण येतंय? मी पलंगाजवळ होते. मुताले दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून, नजर जमिनीवर. तो पुढे आला नाही. हातानं माझ्याकडे खूण केली, तुम्ही जा. मी म्हटलं, ‘‘इंगिलेनी.’’ त्यानं मान हलवली, ‘‘अवे, मायो.’’ नाही, आई. माझ्याशी बोललेला त्याचा पहिला शब्द. ज्या घरानं त्याला आत घेतलं नव्हतं, त्या घरच्या आईला बाजूला सारून जायचा त्याला हक्क नव्हता, असं त्याला वाटत होतं.

आणि मला जायचं होतं. हे तुम्हालाच सांगते. मी आई आहे, मी डॉक्टर आहे, मला तिच्या उशाशी उभं राहायचं होतं. गाऊनला हातही घातला होता. तेवढ्यात अनया म्हणाली, ‘‘आई, मुताले कुठाय? आय वॉन्ट मुताले.’’ लहानपणी ताप आला की ‘बाबा कुठाय’ म्हणायची, त्याच आवाजात.

गाऊन सासूनं जावयाच्या हातात द्यायचा नाही, हे आता मला ठाऊक होतं. मी गाऊन खुर्चीवर ठेवला, अनयाच्या कपाळावर हात फिरवला आणि बाहेर पडले. तो भिंतीला इतका चिकटला की माझा पदरही त्याला लागू नये. मी गेल्यावर आत धावला.

मुलगी झाली. अगदी एवढीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. पण अनयाचं रक्त थांबेना. मुतालेला बाहेर काढलं. तो कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, माझ्याकडे पाठ करून बसला, आणि त्याची पाठ हलत होती. आपलं लेकरू रडतंय आणि आपल्याला जवळ जाता येत नाही, असं मला पहिल्यांदाच झालं. तो माझं लेकरू कधी झाला, मला कळलं नाही.

मी विहीणबाईंना म्हटलं, ‘‘ताट मी घेतलं तर चालेल? बाशी अनया येणार नाहीत.’’ त्या माझ्याकडे वळल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे मूल आईच्या कुळाचं असतं. मी वाटच बघत होते, तुम्ही कधी विचारताय.’’

मग तिथेच, हॉस्पिटलच्या बाकावर, ताट नसताना, त्यांनी रिकामे दोन्ही हात पुढे केले आणि मी माझ्या दोन्ही हातांत ताट घेतल्यासारखं केलं. त्यांनी मान डोलावली. मी कॉरिडॉरमधून चालत त्याच्यापर्यंत गेले, त्याच्या शेजारी बसले. त्याच्या आईनं दुरून काहीतरी सांगितलं. तेव्हा त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते. माझ्याकडे पिशवीत थर्मासमध्ये मुगाची खिचडी होती, अनयासाठी केलेली. तीच झाकणात काढली. म्हटलं, ‘‘इसेनी तुल्ये.’’ या, जेवू या. तो माझ्यासमोर दोन घास जेवला.

आतून अजून काही निरोप नाही. लिहीत बसले नाही तर मला वेड लागेल.

सुनेत्रा


२० मार्च, हॉस्पिटल

अहो,

पोर वाचली. रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या चढवल्या. पुन्हा थिएटरमध्ये नेलं. अजून आयसीयूमध्ये आहे, किडनीचं काम पूर्ववत झालेलं नाही. डॉक्टर ‘सावकाश’ म्हणतात. मी असा शब्द खूप जणांना ऐकवलाय, त्याच्यात काय काय मावतं ते मला माहीत आहे.

बाळ दूध पितंय. विहीणबाई रोज तिला काचेबाहेरून ‘मुली शानी’ विचारतात. एवढ्याशा पोरीला अहो-जाहो कशाला, म्हटलं, तर म्हणाल्या, आजीची आजी तिच्या रूपानं परत आलीय, मान द्यायला हवा. मुताले आता माझ्यासमोर खातो. फार बोलत नाही. काल मात्र आपण होऊन मला चहा आणून दिला, साखर घालायला विसरला, मी पिऊन टाकला.

आता कामाचं. परवा शुद्धीवर आल्यावर अनयानं पहिल्यांदा मुतालेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाली, ‘‘बाबा?’’ नुसतं एवढंच. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द निघाला. रागानं नाही. मॉनिटरवर तिचे ठोके वाढायला लागले आणि मी घाबरले. म्हटलं, ‘‘निघालेत. विमानात बसलेत.’’

मुताले माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं. त्यानं मान खाली घातली नाही, मला खोटंही पाडलं नाही. म्हणाला, ‘‘येस. ही इज कमिंग.’’ ज्या माणसानं त्याच्या मामावर पोलीस बोलावायला फोन हातात घेतला होता, त्याच्यासाठी तो खोटं बोलला. त्यानंतर मला तुमच्या बाजूनं बोलायला एक शब्दही सुचत नाही, म्हणून मी बोलत नाही. मला राग आहे. तो जाणार नाही, इतक्यात तरी नाही. तुम्ही आलात की माझा हा राग समोर दिसेल, तेव्हा घाबरून मागे फिरू नका.

काल तिनं विचारलं, ‘‘बाबा कुठवर आले?’’ मी म्हटलं, दुबईला. आज सकाळी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, अजून दुबईलाच, फ्लाइट लेट आहे. ती हसली थोडी. म्हणाली, ‘‘टिपिकल. त्यांनी काउंटरवर भांडण काढलं असेल.’’ आणि डोळे मिटले. ठोके खाली आले.

ती हुशार आहे, कुमार. मी तुम्हाला नावानं हाक मारत नाही, आज मारली. उद्या ती डोळे उघडून पुन्हा विचारणार, आणि विमान दुबईला आणखी किती वेळ उभं ठेवायचं ते मला माहीत नाही. तिला काय सांगू?

सुनेत्रा